परत न आलेली माणसं

कॅज्युअल्टीबाहेरच्या हॉलमध्ये पूर्वी पाय ठेवायला जागा नसे. आता ऐन सकाळच्या वेळी निळ्या खुर्च्यांच्या सगळ्या रांगा रिकाम्या होत्या, आणि लातूरहून आलेली पाहुणेमंडळी त्या खुर्च्यांकडं नवलानं बघत उभी होती.

"आज सुट्टी आहे का ओ?" त्यांच्यातल्या एकानं हळूच विचारलं.

"सुट्टी कसली," डॉ. फारूक बागवान म्हणाले. सोलापूरच्या आरोही रुग्णालयाच्या या विभागाचे ते प्रमुख. "आज सोमवार. पूर्वी सोमवारी इथं जत्रा भरायची. माणसं रविवारभर दुखणं दाबून धरायची आणि सोमवारी उठून यायची. एका पेशंटमागं सात-आठ नातेवाईक. इथंच चटई टाकून भाकरी सोडायचे. शेंगाचटणीचा वास पार ऑपरेशन थिएटरपर्यंत. आता बघा. कँटीनवाल्यानं कंटाळून दुकान बंद केलं. मला रोज शिव्या देतो, पण खरं तर त्या यांना मिळायला पाहिजेत."

त्यांनी हात केला तशी केतकी तडवळकर थोडी मागं सरली. ती डॉक्टर नव्हती, संख्याशास्त्रज्ञ होती. रिकाम्या खुर्च्या ही तिची करामत होती, आणि कौतुक झालं की हात कुठं ठेवावेत हे तिला कळत नसे.

"तुमचं हे यंत्र, सवड, नेमकं काय करते ते सांगा की मॅडम," पाहुणे म्हणाले.

सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नसे. नळाला पाणी आलं की गल्लीतले सगळे एकदमच नळ सोडतात, मोटारी लावतात, आणि शेवटच्या घरी करंगळीएवढी धार येते. पाणी कमी नसतं, ते सगळ्यांना एकाच वेळी हवं असतं. निम्म्या घरांनी थोडं थांबून नळ सोडला तर सगळ्यांच्या बादल्या भरतील. कॅज्युअल्टीचंही तसंच होतं. डॉक्टर, खाटा, तपासण्या यांची दिवसभराची बेरीज पुरेशी असे. पण सकाळी उशिरा आणि दिवेलागणीला माणसं लोटत, तर भर दुपारी नर्सा जांभया देत बसत.

गर्दी केव्हा ओसरते हे सांगणारे तक्ते जगात कितीतरी होते. त्यांचा फारसा उपयोग झाला नव्हता, कारण पोटात कळ आलेल्या माणसाला तक्ता दाखवून काय करायचं? त्याला हे सांगावं लागतं की तू, आज, हे दुखणं घेऊन, किती वेळ थांबू शकतोस. केतकीच्या गटानं ते शोधलं होतं. मनगटावरची पट्टी नाडी, श्वास, ताप, रक्तातला प्राणवायू आणि घामातले क्षार मोजे. माणूस आपलं दुखणं फोनवर बोलून सांगे. या दोन्हींवरून सवड त्याची थांबण्याची मुभा काढी. ज्याला मुभा नाही त्याच्याकडं अँब्युलन्स निघे. ज्याला आहे त्याला मुभेच्या आतली सर्वांत निवांत वेळ मिळे.

"आणि ही मुभा ठरवतं कोण?" दुसऱ्या पाहुण्यांनी विचारलं.

"कुणी नाही. यंत्र शिकत जातं," केतकी म्हणाली. "एखाद्याला थांबवलं आणि तो जास्त आजारी होऊन आला, तर ती यंत्राची चूक धरली जाते. तसल्या माणसाला ते पुढच्या वेळी कमी थांबवतं. थांबवलेला माणूस दिलेल्या वेळी ठीक आला, किंवा बरं वाटलं म्हणून आलाच नाही, तर अंदाज बरोबर होता. अशा लाखो अनुभवांतून त्याचा हात बसलाय."

"घरची परिस्थिती वगैरे बघता?"

"घरी सोबत कोण आहे ते विचारतो. लक्ष ठेवायला माणूस असेल तर जास्त थांबता येईल, असा आमचा कयास होता. पुढचं यंत्रावर सोडलं."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत जास्त त्यांना आवडली ती शांतता. जाताना एकजण बागवानांना म्हणाले, "तुम्ही ओळखसुद्धा संपवलीत म्हणा की." ते खरं होतं. पूर्वी नगरसेवकाचा फोन आला की खाट मिळे. आता मनगटाच्या पट्टीला कुणाचीच ओळख लागत नव्हती. केतकीला सवडमधलं काही मनापासून आवडत असेल तर ते हे.

हॉल रिकामा झाल्यावर सिस्टर निर्मला येमूल तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, एक सांगू? पूर्वी आम्ही पेशंटला पहिलं विचारायचो, सोबत कोण आहे? आता विचारतच नाही. येतात एकटे, जातात एकटे. कुणी आणायचंच बंद झालं. वेळ ठरलेली, काम ठरलेलं, मग कशाला कुणाचा खाडा?"

"ते चांगलंच आहे ना?"

"असंल," सिस्टर म्हणाल्या आणि कामाला गेल्या.

केतकी होटगी रस्त्यावरच्या एका इमारतीत राहत असे. आई असेपर्यंत ते दोघींचं घर होतं. गेल्या श्रावणात आई गेली, आणि तेरावं झाल्यावर केतकीनं पहिलं काम केलं ते सवडमधल्या आपल्या घराच्या माहितीतून आईचं नाव काढण्याचं. चुकीची माहिती तिला सहन होत नसे. ज्या यंत्राला आपण शिकवलं त्याच्याशी खोटं बोलणं तर नाहीच नाही. "आपण एकट्या राहता का?" असं त्यानं विचारलं. तिनं "हो" म्हटलं आणि पोहे करायला गेली. पोहे दोघींपुरते झाले.

नंतर तिच्या ध्यानात आलं की शनिवारी ऑफिसातून निघाल्यावर सोमवारपर्यंत आपण कुणाशी एक शब्द बोलत नाही. ठरवून नव्हे, तसं व्हायचंच. दूध पिशवीत येई, सामान दाराशी ठेवलं जाई. सोमवारी सकाळी वॉचमन "निघाला का मॅडम" म्हणे, तेव्हा तिचा पहिला शब्द घशातच अडके. ती ओट्याशी उभ्यानंच जेवायला शिकली. दूरचित्रवाणी लावून ठेवायची सवय तिला लागली नाही, कारण कुणी ऐकत नसताना चाललेलं बोलणं तिला आणखी रिकामं वाटे.

पाहुणे येऊन गेल्यानंतरच्या एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, तिच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली. ओळखीचीच कळ होती. पित्ताशयात खडे होते हे गेल्या वर्षीच कळलं होतं. तेव्हा ऑपरेशन करायचं ठरलं, मग आईचं आजारपण निघालं आणि ते राहून गेलं. कळ खांद्याकडं चढत गेली. केतकी गार वाटावं म्हणून फरशीवर आडवी झाली आणि तिनं सवडला आपलं दुखणं सांगितलं. दिवसातलं तिचं ते पहिलं बोलणं होतं.

"आपल्याला थांबता येईल," सवड म्हणाली. "आपली वेळ उद्या भल्या सकाळची. त्या वेळी कॅज्युअल्टी निवांत असेल. काळजी घ्या."

तिनं ते मानलं. मुभा म्हणजे काय, ती किती माणसांच्या अनुभवातून येते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती पाणी प्यायली, उलटी झाली, परत आडवी झाली. बाहेर रस्त्यावर उन्हानं चिटपाखरू नव्हतं. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होत होती. मग तिला थंडी वाजू लागली, सोलापूरच्या एप्रिलमध्ये, आणि तेव्हा कुठं तिच्या मनात पहिल्यांदा शंका आली. थंडी वाजतेय, उभं राहवत नाही हेही तिनं सवडला सांगितलं, तरी वेळ उद्या सकाळचीच राहिली.

गेल्या वर्षी हीच कळ, याच जागी. सवड तेव्हा काय म्हणाली होती? "लगेच निघा." आई घाबरून, अँब्युलन्सचीही वाट न बघता, रिक्षा बोलवायला चपला न घालता खाली गेली होती.

केतकी फरशीवर पडल्यापडल्या हिशेब मांडू लागली. गेल्या वर्षी ताप नव्हता, आज आहे. तेव्हा खड्यांचं निदान झालेलं नव्हतं, आज सवडला ते माहीत आहे. वय वर्षानं वाढलं. या तिन्ही गोष्टींनी मुभा कमी व्हायला हवी. चौथा बदल आईचा. लक्ष ठेवायला घरात कुणी नाही, म्हणजे त्यानंही मुभा कमीच व्हायला हवी. चारही गोष्टी एकाच दिशेला ओढत होत्या आणि उत्तर उलट्या दिशेला गेलं होतं. असं झालं की ती आधी स्वतःवर संशय घेई, मग यंत्रावर. पण स्वतःवर संशय घ्यायचीही ताकद आता उरली नव्हती.

बागवानांना फोन करता आला असता. एक फोन, आणि ते माणूस पाठवतील. पण ती ओळख झाली. ज्याची कुणाशीच ओळख नाही असा माणूस या घडीला कुठल्या तरी फरशीवर पडलेला असेल, त्याला सवडनं उद्या सकाळी बोलावलं असेल, तर त्यानं कुणाला फोन करायचा? तिनं फोन खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. एकच गोष्ट बदलून बघायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. प्रयोग असाच करतात. तिनं घराच्या माहितीत आईचं नाव परत घातलं.

"सोबतच्या व्यक्तीशी आम्ही बोलून खात्री करून घेऊ," सवडनं कळवलं.

हा नियमही तिच्याच गटाचा होता. माणसं खोटं सांगतील म्हणून केलेला.

कपाटात आईचा फोन वाजू लागला.

तो चादरींच्या घडीवर चार्जर लावून ठेवलेला असे. गॅसचा आणि वीजबिलाचा ओटीपी अजून त्याच नंबरवर येतो म्हणून तिनं तो चालू ठेवला होता. निदान तसं ती स्वतःला सांगत असे. ती कपाटापर्यंत सरकत गेली. दार उघडायला उठावं लागलं, आणि उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली.

"नमस्कार. मी सवड बोलतेय. आपण कमलिनी तडवळकर का?"

नुसतं "हो" म्हणायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. पण तिनं खाकरून घसा मोकळा केला आणि जो आवाज आला तो तिचा नव्हता. थोडा वरच्या पट्टीतला, शेवटी हेल काढणारा. फोनवरच्या यंत्राच्या आवाजालाही आई बाई म्हणत असे.

"हो बाई. बोला."

"केतकी तडवळकर आपल्याजवळ आहेत का?"

"इथंच हाय की. फरशीवर पडलीय."

"त्यांचा चेहरा कसा दिसतोय?"

"पांढराफटक पडलाय." केतकीनं श्वास घेतला. पुढचं बोलायची काही गरज नव्हती. "ही कधी सांगत नाही बघा दुखलेलं. लहानपणापासनं असंच. दोन घास खाल्ले न खाल्ले की काम. मी आपली विचारते, काय होतंय गं, तर म्हणती काही नाही. आज तर उभं राहता येईना तिला. अंग तापलंय."

एवढं बोलल्यावर तिला थांबावं लागलं. आपल्याबद्दल असं कुणी बोललेलं ऐकून बरेच महिने झाले होते.

"गाडी येईपर्यंत आपण त्यांच्यासोबत थांबाल का?"

"न थांबून कुठं जाऊ?" आई म्हणाली.

मग तिच्या मनगटावरची पट्टी थरथरली. मुभा संपली होती. अँब्युलन्स निघाली होती.

अँब्युलन्समधून आलेल्या माणसानं दोन्ही खोल्यांत डोकावून पाहिलं. "आजी कुठायत? सोबत येणार होत्या ना?"

"त्या येणार नाहीत," केतकी म्हणाली. "चला."

कॅज्युअल्टीत सिस्टर निर्मलांनी पडद्यावरची माहिती वाचली, केतकीच्या तोंडाकडं पाहिलं, परत पडद्याकडं पाहिलं. आईच्या दिवसांना त्या स्वतः घरी येऊन गेल्या होत्या. सलाइन लावताना त्यांनी केतकीचा हात जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ धरून ठेवला.

पित्ताशय सडून फुटायच्या बेतात आलेलं होतं. दिवेलागणीला ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी बागवान तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसले.

"आज सकाळी आला असतात ना," ते म्हणाले, "तर मला तुमच्यावर ओरडायचीसुद्धा संधी मिळाली नसती. आता सांगा. निर्मला म्हणते, नोंदीत सोबत आई होती असं लिहिलंय."

केतकीनं सगळं सांगितलं. फोनचंही. ते सांगताना ती छताकडं बघत होती. बागवानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुम्ही आईच्या आवाजात..."

"ते सोडा. एकच गोष्ट बदलली आणि मुभा पुढच्या सकाळवरून शून्यावर आली. सोबत असलेल्या माणसाला सवड लगेच बोलावते. एकट्याला थांबवते. आपल्या कयासाच्या बरोबर उलटं."

"असं का करेल ती?"

"कारण तिला आपणच तसं शिकवलं." केतकीला बोलताना टाके ओढत होते, पण हे रात्रभर तिच्या डोक्यात मांडून तयार होतं. "घरी चार माणसं असलेल्याला थांबवलं आणि त्याचं बिघडलं, तर घरचे त्याला उचलून आणतात. इथं येऊन भांडतात. यंत्राला चूक कळते. पुढच्या वेळी असल्या माणसाला ते थांबवत नाही. आता एकटा माणूस घ्या. त्यालाही थांबवलं, त्याचंही बिघडलं. त्याला कोण आणणार? तो येतच नाही. आणि जो आला नाही तो बरा झाला, असं आपण धरलं. एकट्या माणसांच्या बाबतीत यंत्राला आपली चूक कधी दिसलीच नाही. त्यामुळं त्याला वाटलं की ही माणसं फार टणक असतात. कितीही थांबवा, बरीच होतात."

"घरी वारलेल्यांची नोंद असते की. मृत्यूचे दाखले."

"ती जोडणी पुढच्या टप्प्यात करू म्हणालो होतो. मीच म्हणाले होते."

"आपल्या विभागातले मृत्यू निम्म्यावर आलेत, केतकी. ते काही खोटं नाही."

"इथले निम्म्यावर आलेत. घरातले कोण मोजतंय?"

"म्हणून ते सगळे मेले असं होत नाही. खरंच बरे झाले असतील."

"काही झालेही असतील. किती, ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. आपल्याला एवढंच माहीत आहे की ते आले नाहीत. आणि हॉल निवांत आहे तो त्यांच्या जिवावर. दुपारची, पहाटेची सगळी निवांत वेळ भरायला आपल्याकडं दुसरं होतं कोण?"

"पुढच्या महिन्यात बारा जिल्ह्यांत लागतंय हे यंत्र."

"म्हणून तर आज सांगतेय."

"लोक काय म्हणतील तुम्हाला, ठाऊक आहे ना? हीच बाई दोन आठवड्यांपूर्वी पाहुण्यांना मिरवत होती."

"मिरवत तुम्ही होतात. मी नुसती उभी होते."

बागवानांना हसू आलं, आणि आलं याचा रागही आला. ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "तुमची ती आईची नोंद. राहू दे की तशीच. कुणाचं काय बिघडतंय? निदान पुढच्या वेळी गाडी तरी लवकर येईल."

"चुकीची आहे," केतकी म्हणाली.

ते गेल्यावर तिनं फोन घेतला आणि आईचं नाव दुसऱ्यांदा काढलं. "आपण एकट्या राहता का?" सवडनं विचारलं. या वेळी तिला उत्तर द्यायला वेळ लागला. सवड वाट बघत राहिली. यंत्राला वाट बघण्याचं काही वाटत नाही.

ती कामावर परतली तेव्हा वरच्या मजल्यावर बैठका झाल्या. मोठ्या आवाजात बोललं गेलं, आणि तिनं प्रत्येक वेळी तेच वाक्य तितक्याच हळू आवाजात सांगितलं: परत न आलेल्या माणसाचं काय झालं ते आपल्याला माहीत नाही, म्हणून तिथं 'बरा' असं लिहिता येणार नाही, 'माहीत नाही' असंच लिहावं लागेल. एका जागी ते दोन शब्द घातल्यावर सवडचा सगळा आत्मविश्वास ढासळला. एकट्या माणसाला किती थांबवता येईल, याला तिच्याकडं काही आधारच उरला नाही. तो मिळेपर्यंत अशा कुणालाच थांबवायचं नाही असं ठरलं. बारा जिल्ह्यांचं काम लांबणीवर पडलं. गटातले काहीजण केतकीशी कामापुरतंच बोलू लागले. तिला त्यातला फरक फारसा जाणवला नाही.

आणि हॉल भरला.

आधी एकटी माणसं आली, वेळ न घेता, लगेच. त्यांच्यामुळं बाकीच्यांच्या वेळा पुढं सरकल्या, त्यामुळं तीही चिडून आधीच येऊन बसू लागली, आणि चिडलेल्या माणसाबरोबर त्याचे घरचे आले. खुर्च्या पुरेनात. फरशीवर चटया दिसू लागल्या. एक बाई सिस्टर निर्मलांना म्हणाली, "मधी किती छान झालं हुतं ओ तुमचं दवाखाना. आता परत बाजार केला." सिस्टर म्हणाल्या, "व्हय बाई, बाजारच आहे. तुमच्या सोबत कोण आलंय?"

बागवान दिवसभर शर्टाच्या बाह्या सरसावून पळत होते. येताजाता केतकीकडं असं बघत की ती नजर चुकवी. एकदा मात्र जाताजाता थांबून म्हणाले, "काल एक म्हातारा आला. पूर्वी दोनदा थांबवलेला. हृदयाची झडप गेलीय त्याची. आणखी एकदा थांबवला असता तर परत आला नसता." आणि उत्तराची वाट न बघता पडद्याआड गेले.

परत न आलेल्यांना शोधायचं काम केतकीनं स्वतःकडं घेतलं. हे काम यंत्र करू शकलं असतं. तिनं करू दिलं नाही. दुपारी जेवण झालं की ती आपल्या खोलीतून बाहेर येऊन हॉलमध्ये, भिंतीकडेच्या रांगेत बसे आणि फोन लावत असे. खोलीत बसून ते फोन करवत नसत. कितीतरी नंबर बंद होते. काही दुसऱ्याच माणसांकडं गेले होते. एका ठिकाणी घरमालकानं उचलला आणि म्हणाला, "ते गेले की. जागा दिली आता दुसऱ्यांना. तुम्ही कोण त्यांच्या?" केतकीनं रुग्णालयाचं नाव सांगितलं. "आत्ता?" तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर तिला बराच वेळ पुढचा नंबर लावता आला नाही.

त्या दिवशी तिनं लावलेल्या नंबरांतला एक बराच वेळ वाजत राहिला. ती ठेवणार इतक्यात कुणीतरी उचलला.

"कोण?"

"नरसम्मा कोंडा बोलताय का? मी आरोही रुग्णालयातून बोलतेय. मागं तुम्हाला चक्कर येत होती, डावा हात जड पडत होता. सवडनं थांबायला सांगितलं होतं."

"हां. सांगिटलं हुतं. थांबले की."

"मग दिलेल्या वेळी आला नाहीत तुम्ही."

"त्या दिवशी उटताच येईना. मग संध्याकाळी तुमचाच निरोप आला फोनवर. आपण बऱ्या झाल्या, आनंद आहे म्हणून. मी म्हटलं, दवाखाना म्हणतोय तर असेन बरी. शिकलेली माणसं. कशाला भांडायचं?"

केतकीनं डोळे मिटले. तो निरोप कुणी लिहिला होता तेही तिला आठवत होतं. "आता कसं वाटतं?"

"चक्कर हाय. हात तसाच हाय. कप धरवत नाही, म्हणून चहा वाटीतनं पिते."

"आज या. आत्ता. मी गाडी पाठवते."

"आत्ता नको बाई. गर्दी असेल. तुमचं ते निवांत कधी असतंय तवा सांगा, मी येते. कुणाला तरास नको."

समोर एक लहान मूल रडत होतं आणि तीन अनोळखी बायका त्याला आळीपाळीनं चूप करत होत्या. कुणीतरी मोठ्यानं फोनवर सांगत होतं की आत घेतलंय, काळजी करू नको. मागून भाकरीचा वास येत होता. केतकी खोटं बोलू शकली असती.

"निवांत नाहीये," ती म्हणाली. "खूप गर्दी आहे. बसायला जागा नाही. सगळे बोलतायत."

बाई कान देऊन ऐकत असाव्यात.

"व्हय, ऐकू येतंय," नरसम्मा म्हणाल्या. "बरीच माणसं दिसतायत." आणि थोड्या वेळानं, "मग येते. पाठवा गाडी."

केतकीनं गाडी पाठवायला सांगितलं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आतून हाक आल्यानं उठत होता, आणि उभ्या असलेल्या दोघांची नजर त्या जागेवर होती. तिनं पर्समधून रुमाल काढला, चटकन हात लांबवून त्या खुर्चीवर पसरून टाकला, आणि त्या दोघांकडं बघून म्हणाली, "इथं माणूस आहे."